तळाची एक ओळ

(वाशीम येथे कार्यकर्ते व नागरिक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



१९३९ साली याच वाशीममध्ये एक ताम्रपट सापडला. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा राजा विंध्यशक्ती द्वितीय याचा तो दानपट. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी त्याचे संपादन केले आणि वत्सगुल्म म्हणजेच आपले वाशीम, ही गोष्ट अभ्यासकांत पक्की झाली. चार पत्र्यांच्या या पटात वंशावळीचा भाग संस्कृतात आहे, प्रत्यक्ष व्यवहाराचा प्राकृतात. आजच्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट मात्र निराळी. ही आज्ञा कोठून निघाली, कोणाच्या नावाने निघाली, राज्याच्या कितव्या वर्षी निघाली, कोणते गाव कोणाला दिले, हे सारे त्यात नोंदलेले आहे. वर्ष सदतिसावे, ठिकाण वत्सगुल्म. गुप्तदानाला अधिक पुण्य असेलही. निनावी राजाज्ञेला मात्र कोणी जुमानीत नाही.

ताम्रपटाची ही शिस्त आजही आपल्या घरात दर आठवड्याला येते. साप्ताहिकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात एक ओळ असते. मुद्रक अमुक, प्रकाशक अमुक, अमुक मुद्रणालयात छापून अमुक ठिकाणाहून प्रसिद्ध केले, संपादक अमुक. अग्रलेख वाचणारे पुष्कळ, शब्दकोडे सोडविणारे त्याहून अधिक. ही ओळ मात्र कोणी वाचीत नाही. आणि तरीही त्या अंकातील एकेका शब्दाचे ओझे कोणाच्या खांद्यावर आहे, हे सांगणारी तेवढी एकच ओळ असते.

ही ओळ सक्तीची केली ती १८६७ च्या पंचविसाव्या अधिनियमाने, म्हणजे मुद्रणालये व पुस्तके नोंदणी कायद्याने. १८५७ ला उणीपुरी दहा वर्षे झाली होती. कोण काय छापतो यावर परकीय सरकारला नजर ठेवायची होती, हे उघड आहे. छापणाऱ्याने दंडाधिकाऱ्यासमोर जाऊन घोषणापत्र करावयाचे आणि पुढे खटला उभा राहिला की तेच घोषणापत्र पुरावा म्हणून पुढे यावयाचे, अशी ती व्यवस्था. स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये वृत्तपत्र निबंधकांचे कार्यालय आले. फेब्रुवारी संपला की पुढच्या अंकात मालकीचा तपशील देणारा 'फॉर्म ४' छापला जाऊ लागला. जुन्या वाचकांना तो चौकोन आठवत असेल. १८६७ चा तो कायदा दीडशेहून अधिक वर्षे टिकला. त्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा केला आणि १ मार्च २०२४ पासून तो लागू झाला. आता दंडाधिकाऱ्यासमोर घोषणापत्र नाही. प्रकाशकाने 'प्रेस सेवा' पोर्टलवर अर्ज करावयाचा. शीर्षकाला मान्यता आणि नोंदणी एकाच अर्जात होते. जिल्हा प्रशासनाला आपले म्हणणे मांडण्यास साठ दिवसांची मुदत आहे. तुरुंगवासाची तरतूद जवळजवळ गेली. प्रमाणपत्राविना नियतकालिक चालविले आणि थांबविण्याचा निर्देश मिळूनही सहा महिन्यांत थांबविले नाही, तरच ती शिक्षा. पण विनानोंदणी प्रकाशनाला पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. एखाद्या तालुक्याच्या गावी चार उत्साही तरुणांनी मासिक काढावयाचे ठरविले, तर पहिला लेख लिहिण्याआधी हा अर्ज करावा.

कागदपत्रांचे एवढे पुरे. मुख्य गोष्ट नोंदणीपाशी संपत नाही. तेथे ती सुरू होते. तिचा पहिला धडा मराठी पत्रसृष्टीने १८८२ साली घेतला आणि तो थोडा कडू आहे.

'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे १८८१ च्या आरंभी निघाली. वर्ष उलटते न उलटते तोच कोल्हापूरचे प्रकरण उद्भवले. तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत आहे, या वार्तेने सारा महाराष्ट्र अस्वस्थ होता. दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर ठपका ठेवणारी काही पत्रे या दोन्ही संपादकांच्या हाती आली. टिळक आणि आगरकर यांनी विश्वास ठेवला व आरोप प्रसिद्ध केले. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. दिलगिरी व्यक्त करूनही उपयोग झाला नाही. १७ जुलै १८८२ रोजी दोघांनाही चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबरला ते बाहेर आले. खटल्याच्या काळात जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेट बापूशेट उरवणे यांनी या दोघांना जामीन मिळवून दिला. मते टोकाची भिन्न असताना केलेले हे साहाय्य आहे. महाराष्ट्रातील वैचारिक भांडणांविषयी बोलताना ते आवर्जून सांगितले पाहिजे.

या प्रसंगाकडे आपल्याकडे बहुधा केवळ देशभक्तांच्या कारावासाची पहिली पायरी म्हणून पाहिले जाते. ते पुरेसे नाही. हेतू निर्मळ होता, छत्रपतींविषयीची तळमळ खरी होती, लेखणी धारदार होती; हातातला कागद मात्र खोटा होता. न्यायालयात तळमळ पुरावा म्हणून दाखल करता येत नाही. टिळक-आगरकरांसारख्या बुद्धिमंतांना जे चुकले, ते सकाळी उठून भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर न वाचता दहा गटांत पुढे ढकलणाऱ्या सद्भावी कार्यकर्त्याला चुकणार नाही, असे समजणे धाडसाचे आहे. 'मी फक्त पुढे पाठविले' हा बचाव कायद्याला पुरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात बदनामीला दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची तरतूद आहे आणि मजकूर कागदावर होता की पडद्यावर, हा भेद त्यात नाही.

१८९७ आणि १९०८ च्या खटल्यांची जात वेगळी. तेथे कायदाच अन्यायाचा होता. १८९७ मध्ये टिळकांबरोबर छापखान्याच्या वतीने केशव महादेव बाळ यांनाही आरोपी केले होते. ते सुटले, टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. १९०८ मध्ये 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांवरून २२ जुलै रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली. खटला भरला गेलेल्या लेखनात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा हात होता, असे मराठी पत्रसृष्टीत सांगितले जाते. लोकमान्यांनी 'हे माझे अक्षर नव्हे' असा बचाव केला नाही. 'केसरी'वर नाव त्यांचे होते, म्हणून मंडाले त्यांचे. जबाबदार संपादक म्हणजे काय, हे सांगायला यापलीकडे दुसरे उदाहरण शोधण्याचे कारण नाही.

येथे एक अडचणीचा प्रश्न येतो आणि तो टाळू नये. आणीबाणीत घरोघर जी पत्रके फिरली, त्यांच्या तळाशी कोणाचे नाव होते? नव्हतेच. २६ जून १९७५ नंतर पूर्वनियंत्रण लागू झाले, ४ जुलैला संघावर बंदी आली आणि लोकसंघर्ष समितीची पत्रके रात्री चक्रमुद्रित होऊन पहाटे दारात पडू लागली. पिशवीत दळणाखाली पत्रके नेणाऱ्या गृहिणींच्या कथा आजही कुटुंबांत सांगितल्या जातात. मग तेव्हाचे निनावीपण शौर्य आणि आजचे दोषास्पद, हे कसे? फरक साधा आहे. तेव्हा नाव देऊन बोलण्याचा मार्गच बंद केलेला होता. आणि ज्यांनी निनावी पत्रके वाटली, त्यांच्यातलेच हजारो जण १४ नोव्हेंबर १९७५ पासूनच्या सत्याग्रहात आपले नाव सांगून तुरुंगात गेले. आज मार्ग खुला आहे. खुल्या मार्गाच्या काळात दुसऱ्याच्या चारित्र्यावर निनावी शिंतोडे उडविणाऱ्याने आणीबाणीचा वारसा सांगू नये.

निवडणुकीच्या दिवसांत तर हे विशेष लक्षात ठेवावे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-क कलमाप्रमाणे निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव-पत्ता हवा. छपाईआधी प्रकाशकाने स्वाक्षरीचे, दोन परिचितांनी साक्षांकित केलेले घोषणापत्र मुद्रकाला द्यावयाचे असते. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. सभेची केवळ तारीख-वेळ-ठिकाण कळविणारे पत्रक यातून वगळलेले आहे. छापखानेवाला ओळखीचा आहे, रात्रीत काढून देतो, म्हणून ही ओळ गाळली जाते आणि गुन्हा दाखल होतो तो बिचाऱ्या छापखानेवाल्यावर.

उत्सव मंडळांच्या स्मरणिकांचेही तसेच. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे लेखनहक्क जिवंत असतो. स्वातंत्र्यवीर सावरकर १९६६ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा हक्क २०२६ च्या अखेरपर्यंतचा. भक्ती आहे म्हणून परवानगीची गरज संपत नाही. आणि एक गोष्ट अगदी कटाक्षाने पाळावी: अत्याचारग्रस्त स्त्री, पीडित किंवा विधिसंघर्षग्रस्त बालक यांचे नाव, छायाचित्र, शाळा, वस्ती, काहीही छापू नये. निषेधाच्या पत्रकातही नाही. संताप कितीही न्याय्य असो, त्या लेकराला आयुष्यभर त्याच गावात राहावयाचे असते.

आता उरते ती या ओळीची दुसरी बाजू. २ मार्च १९५० रोजी दिल्लीच्या मुख्य आयुक्तांनी 'ऑर्गनायझर' साप्ताहिकावर आदेश बजावला: काही विषयांवरील मजकूर छापण्यापूर्वी तपासणीसाठी सादर करा. राज्यघटना लागू होऊन पाच आठवडे झाले होते. साप्ताहिकाने निनावी पत्रके काढली नाहीत. ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. २६ मे १९५० रोजी पाच विरुद्ध एक अशा बहुमताने तो आदेश रद्द झाला. त्याच दिवशी त्याच न्यायालयाने डाव्या विचारांच्या 'क्रॉस रोड्स'वरील मद्रास सरकारची बंदीही उठविली. पुढे सरकारने १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करून निर्बंधांची कक्षा वाढविली, तो वेगळा इतिहास. पण त्या मे महिन्यात दाद मागणारे अर्जदार दोनच होते: मुद्रक-प्रकाशक ब्रिज भूषण आणि संपादक के. आर. मलकानी. मुख्य आयुक्तांचा आदेशही नेमका याच दोघांवर बजावलेला होता.