माती, जठर आणि शिसे



एक किलो मातीत अमुक मिलिग्रॅम शिसे आहे, असे प्रयोगशाळेने सांगितले की धोका मोजून झाला, असे आपल्याला वाटते. वस्तुतः तेव्हा हिशेब अर्धाच झालेला असतो. मातीत किती आहे हा एक प्रश्न. पोटात गेलेल्यापैकी रक्तात किती उतरते हा दुसरा. मुलाचे बरेवाईट ठरते ते या दुसऱ्यावर.

नायजेरियातील झामफारा प्रांत घ्या. तेथील खेड्यांत सोन्यासाठी दळल्या जाणाऱ्या खनिजात शिसे होते. २०१० साली उघडकीस आलेल्या या विषबाधेने ४०० हून अधिक बालके दगावली. शिसे गंधकाशी बांधलेले असेल तर जठरातील आम्लात सावकाश विरघळते. कार्बोनेटच्या रूपात असेल तर चटकन. झामफाराच्या खनिजात हे कार्बोनेट पुष्कळ होते, आणि दळण बारीक!

मग हे मोजायचे कसे? अमेरिकेत रूढ असलेली रीत साधी आहे. बोटांना चिकटेल इतकी बारीक चाळलेली एक ग्रॅम माती १०० मिलिलिटर ग्लायसीनच्या द्रावणात घालतात. त्याची आम्लता जठरासारखी, म्हणजे पीएच १.५, आणि उष्णता शरीराइतकी, ३७ अंश सेल्सिअस. तासभर घुसळून किती शिसे विरघळले ते पाहतात. डुकराच्या पिलांना तशीच माती चारून या बाटलीची साक्ष पडताळून घेतलेली आहे. अशी चाचणी झालेली नसेल, तेव्हा मुलाने गिळलेल्या मातीतील शिशापैकी ३० टक्के रक्तात जाते, असे तेथील पर्यावरण संरक्षण संस्था धरून चालते.

पण बाटली म्हणजे मूल नव्हे. प्रौढापेक्षा मुलाचे शरीर शिसे कितीतरी अधिक शोषते. उपाशी पोटी आणि लोह वा कॅल्शियम कमी असताना तर आणखीच. म्हणजे एकाच मातीचा फटका गरिबाच्या लेकराला अधिक बसतो.

तेव्हा या चाचणीचा उपयोग कशासाठी? कोणते अंगण आधी खरवडायचे, हे ठरवण्यासाठी. आकडा लहान आला म्हणून हात झटकून मोकळे होण्यासाठी मात्र नव्हे. कारण मुलाच्या रक्तात इतके शिसे चालेल, अशी निर्धोक मर्यादा अद्याप कोणाला सापडलेली नाही.