ग्राफिक्स कार्ड एवढें मोठें कां?



संगणकाच्या पडद्यावर हलणारीं चित्रें रंगविण्याचें काम ज्या भागाकडे सोंपविलेलें असतें, त्यास ग्राफिक्स कार्ड म्हणतात. खेळ, चित्रपटांचें संपादन आणि हल्लीं कृत्रिम बुद्धिमत्तेची आंकडेमोड, हें सारें त्याच्याच गळ्यांत पडलें आहे. घरांत असें कार्ड घेण्याचा प्रसंग आला म्हणजे वडील मंडळी गोंधळतात. एकाच नांवाचें एक कार्ड वीतभर, तर दुसरें दीड वीत लांब, किंमतींतही फरक. मोठें तें वेगवान, अशा समजुतीनें आपण पैसे मोजतों. ही समजूत कितपत खरी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

कार्डाचें खरें डोकें म्हणजे त्यांतील सिलिकॉनची चिप. एनव्हिडिया कंपनीनें २०२२ सालीं काढलेलें आरटीएक्स ४०९० हें कार्ड घ्या. त्याची लांबी ३०.४ सेंटिमीटर, जाडी ६.१ सेंटिमीटर आणि वजन दोन किलोंच्या वर. पण आंतील चिपचें क्षेत्रफळ अवघें सहा चौरस सेंटिमीटर, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढें! हें कार्ड ४५० वॅटपर्यंत वीज घेतें, आणि घेतलेली बहुतेक सारी वीज शेवटीं उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. घरांतील साधी इस्त्री साडेसातशें ते हजार वॅट घेते. परंतु तिचा तळ तळहाताहून मोठा असतो, आणि तापणें हेंच तिचें काम असतें. येथें जवळजवळ निम्म्या इस्त्रीची उष्णता, आणि तिचा मोठा वांटा तिकिटाएवढ्या जागेंत उत्पन्न होतो.

ही उष्णता हवेंत सोडण्याचे मुख्य उपाय दोन: हवेला लागणारा पृष्ठभाग वाढवावा, किंवा वारा जोरानें घालावा. म्हणून चिपवर तांब्याचा तळ बसवून त्यापासून बंद, पोकळ नळ्या काढतात. नळींत थोडेंसें पाणी असतें. चिपपाशीं त्याची वाफ होते, थंड टोंकाशीं वाफेचें पुन्हां पाणी होतें, आणि या येरझाऱ्यांत उष्णता वाहून नेली जाते. नळ्यांवर अल्युमिनियमचीं पातळ पातीं ओंवलेलीं असतात व त्यांतून पंखे वारा ढकलतात. कार्डाचा जो अवाढव्य देह आपणांस दिसतो, तो बहुतांशीं या पात्यांचा व पंख्यांचा. पातीं कमी केलीं तर पंखा अधिक वेगानें फिरवावा लागतो. आणि पंख्याचा वेग दुप्पट केला, तर त्याला वीज सुमारें आठपट लागते व घरघर नकोशी होते. तेव्हां मोठ्या आकाराची किंमत आपण मुख्यतः शांततेसाठीं देतों.

मग वेगाचा संबंध कोठें येतो? चिप ठरलेल्या मर्यादेपर्यंत तापली कीं ती आपली गति आपणच कमी करते. येथें एएमडी कंपनीचें उदाहरण बोधप्रद आहे. तिनें २०१५ सालीं एकाच चिपचीं दोन कार्डें काढलीं. फ्यूरी एक्स हें २७५ वॅटचें, गति १०५० मेगाहर्ट्झपर्यंत. नॅनो हें १७५ वॅटचें, गति फार तर १००० मेगाहर्ट्झ आणि लांबी अवघी १५ सेंटिमीटर. एक तृतीयांशाहून अधिक वीज कमी करूनही नॅनो वेगांत थोडेंसेंच मागें राहिलें. याचें कारण असें कीं, गति वाढवावयाची तर विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि उष्णता त्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. गड चढतांना शेवटचा टप्पाच अधिक दम काढतो, तसें हें आहे. फ्यूरी एक्सही आंखूडच होतें. पण त्याच्या चिपवरून पाणी फिरवून तें नळ्यांनीं जोडलेल्या रेडिएटरमध्यें थंड करावें लागे, आणि हा रेडिएटर पेटीच्या भिंतीशीं बसवावा लागे. आकार नाहींसा झाला नव्हता. त्यानें जागा बदलली होती.

वाऱ्याची वाट सुधारून कांहीं आकार खरोखरच वांचवितां येतो. एनव्हिडियानें २०२५ सालीं काढलेलें आरटीएक्स ५०९० हें ५७५ वॅट घेतें, तरी कंपनीच्या स्वतःच्या बनावटीची जाडी ४ सेंटिमीटरच आहे. आंतील मंडलांची पट्टी लहान करून दोन्ही पंख्यांचा वारा पात्यांतून आरपार जाईल, अशी त्यांत योजना केली आहे.

तात्पर्य, कार्डाचा आकार हें शक्तीचें माप नव्हे. तें उष्णतेच्या विल्हेवाटीचें माप आहे. खरेदीच्या वेळीं प्रथम चिपचें नांव पहावें, कारण वेग मुख्यतः तेथें ठरतो. त्याच चिपचें दोन पंख्यांचें व तीन पंख्यांचें कार्ड यांत वेगाचा फरक बहुधा अल्प असतो. आवाजाचा मात्र कानांस कळण्याजोगा असूं शकतो. दुकानांत जाण्यापूर्वीं संगणकाच्या पेटीची आंतील लांबी मोजावी, शेजारच्या किती खाचा अडतील तें पहावें, आणि वाऱ्याला आंत येण्यास व बाहेर जाण्यास वाट आहे ना, याची खात्री करावी. खोली जितके अंश तापेल, साधारण तितकेच अंश कार्डही अधिक तापतें. पुण्याच्या जानेवारींत जें मुकाट्यानें काम करतें, तेंच नागपूरच्या मे महिन्यांत, भर दुपारीं बंद खोलींत धापा टाकूं लागेल. अशा ठिकाणीं मोठें कार्ड कोंदट पेटींत कोंबण्यापेक्षां मध्यम कार्ड मोकळ्या हवेंत ठेवावें, आणि पात्यांवर सांचलेली धूळ अधूनमधून झाडावी. या शेवटच्या उपायास तर कांहींच खर्च नाहीं.