गाजरगवत आणि मेक्सिकोचा भुंगेरा

1955 च्या सुमारास पुण्याच्या परिसरात प्रथम लक्षात आलेल्या आणि पुढे रस्त्यांच्या कडा, पडीक जमिनी व गायराने यांवर निर्वेध अंमल बसविणाऱ्या गाजरगवताची पांढरी फुले आपल्यापैकी कोणी पाहिली नसतील असे नाही. मूळच्या अमेरिकाखंडातील या वनस्पतीचे शत्रू तिच्याबरोबर समुद्र ओलांडून आले नाहीत, आणि हेच तिच्या बेसुमार फैलावाचे एक प्रमुख कारण होय.

म्हणूनच 1983 साली मेक्सिकोतून झायगोग्रामा नावाचा, फिकट पाठीवर गडद तपकिरी पट्टे मिरविणारा इवलासा भुंगेरा बंगळुरास आणण्यात आला. आणि इतर पिकांना त्याच्यापासून अपाय नाही, याची चाचणी झाल्यावर पुढील वर्षी त्याला मोकळे सोडण्यात आले. त्याच्या अळ्या कोवळे शेंडे व कळ्या कुरतडतात, त्यामुळे फुलोरा, आणि पर्यायाने बीजोत्पादन, घटते. पुढे तो सूर्यफुलावर आढळल्याची फिर्याद आली, तेव्हा सरकारने चौकशी समिती नेमली; एका परदेशी जीवाला आपल्या मुलखात थारा देताना इतकी सावधगिरी मला सर्वथा योग्य वाटते.

मात्र हा कीटक पावसाळ्यातच जोमाने खातो आणि कोरड्या दिवसांत मातीत सुप्तावस्थेत पडून राहतो. गवत मात्र ओल मिळेल तेथे बारमाही उगवते. तेव्हा फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून, ते मुळासकट उपटण्याचे काम आपल्याकडेच राहते.