कोणाला काय दिसतं?



दवाखान्यातले केसपेपर, शाळेचे निकाल, पतसंस्थेच्या सभासदांची आधारकार्डं, सगळं आता क्लाउडवर ठेवलं जातं. पण ते कोणकोण उघडू शकतं, हे विचारायची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. आयर्लंडमध्ये जे घडलं, ते यासाठी समजून घेण्यासारखं आहे.

आयर्लंड हा क्लाउडच्या बाबतीत नवखा देश नाही. ॲमेझॉनने युरोपातलं आपलं पहिलं क्लाउड केंद्र २००७ मध्ये डब्लिनलाच उघडलं. मे २०२१ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेवर, म्हणजे एचएसईवर, मोठा खंडणी-हल्ला झाला. रुग्णालयांतले संगणक बंद पडले, डॉक्टर-परिचारिका पुन्हा कागद-पेनावर आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एका सुरक्षा संशोधकाला वेगळीच गोष्ट आढळली. एचएसईचं कोविड लसीकरणाच्या नोंदणीचं पोर्टल सेल्सफोर्स कंपनीच्या क्लाउडवर होतं. त्यावर साधं खातं उघडलेल्या माणसालाही इतरांच्या लसीकरणाच्या नोंदी वाचता येत होत्या. अशा नोंदी दहा लाखांहून अधिक लोकांच्या होत्या.

इथे कोणी पासवर्ड फोडला नव्हता. नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाला आपोआप मिळणारी परवानगीच गरजेपेक्षा मोठी ठेवली गेली होती. एचएसईने चूक दुरुस्त केली. कोणी काय उघडलं याच्या नोंदी ठेवलेल्या होत्या, म्हणून त्या संशोधकाखेरीज इतर कोणी ही माहिती पाहिलेली नाही हे तपासून सांगता आलं. त्या नोंदी नसत्या, तर दहा लाख लोकांना काय उत्तर दिलं असतं?

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की तुमच्या संस्थेची प्रणाली व्यवस्थापकाच्या खात्यातून तपासू नका. तिथून सगळंच दिसतं, आणि सगळं ठीक वाटतं. सर्वांत कमी अधिकार असलेलं खातं उघडा आणि दुसऱ्याची फाइल उघडते का ते पाहा. गूगल ड्राइव्हवर ‘लिंक असलेली कोणतीही व्यक्ती’ असा पर्याय निवडून ठेवलेल्या जुन्या फाइलीही याच वेळी शोधा.

आता चाव्यांविषयी. एखादा प्रोग्राम क्लाउडमधून माहिती घेतो तेव्हा त्याला एक गुप्त चावी, म्हणजे ‘की’, लागते. घाईत ती प्रोग्रामच्या मजकुरातच लिहिली जाते, आणि तो मजकूर गिटहबसारख्या, प्रोग्राम साठवायच्या ठिकाणी सर्वांसाठी खुला होतो. अशा की शोधत फिरणारे स्वयंचलित प्रोग्राम सतत चालू असतात. नंतर ती ओळ पुसून उपयोग नाही, कारण जुन्या आवृत्त्या तिथेच राहतात. की रद्द करून नवी घ्यावी लागते, आणि तीही ताबडतोब. मुळात की लिहूच नये. प्रत्येक मोठ्या क्लाउड सेवेत गुप्त माहितीसाठी वेगळी तिजोरी असते. प्रोग्रामने गरजेच्या वेळी तिथून की मागून घ्यावी. थोड्या वेळाने आपोआप संपणारी परवानगी देता आली तर फारच उत्तम.

गुप्त माहिती सांभाळण्यात मोठ्या कंपन्याही चुकतात. काही वापरकर्त्यांचे पासवर्ड स्वतःच्या यंत्रणेत सरळ वाचता येतील असे साठवल्याबद्दल सप्टेंबर २०२४ मध्ये आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने मेटा कंपनीला ९.१ कोटी युरोंचा दंड केला.

लहान संस्थांत सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड असतो आणि तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरतो. हे कृपा करून थांबवा. प्रत्येकाला वेगळं खातं द्या, दुहेरी पडताळणी चालू करा. कारकुनाला पावत्या पाहायच्या असतील तर पावत्यांचीच परवानगी द्या. आणि सॉफ्टवेअर करून देणाऱ्या कंपनीचं कंत्राट संपलं, की तिची सगळी खाती आणि की त्याच दिवशी बंद करा. तिच्याकडे काही शिल्लक नाही असं लेखी मागून घ्या.