अफवेला उत्तर कोणी द्यायचे?

(राजोडी, तालुका वसई येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



राजोडी ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात दादरा-नगर हवेलीच्या सीमेलगत गडचिंचले हे आदिवासी गाव आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री तेथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना ठार मारले. दिवस टाळेबंदीचे होते. मुले पळवणारे व चोर रात्री हिंडतात, अशी अफवा त्या भागात पसरली होती आणि लोक रात्र रात्र पहारा देत होते. अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघालेले हे तिघे त्या अफवेचे बळी ठरले. पोलीस तेथे हजर होते, तरीही ते वाचले नाहीत.

तिघांच्या मृत्यूनंतर दुसरी अफवा जन्माला आली. मारेकरी मुसलमान होते, असे समाजमाध्यमांतून देशभर पसरवण्यात आले. २२ एप्रिलला राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी अटकेतील १०१ जणांची यादी प्रसिद्ध केली. तीत एकही मुसलमान नव्हता. अफवेचा पायाच निखळला. अधिकृत माहिती उघड झाली की विद्वेषाचे भांडवल कसे आटते, याचे हे बोलके उदाहरण होय. परंतु याच यादीने, ज्यांचा गुन्हा न्यायालयात अद्याप सिद्ध व्हायचा होता अशा माणसांची नावे साऱ्या देशापुढे ठेवली, हेही विसरता येणार नाही. माहिती खुली करणे आणि माणसाचे हक्क जपणे यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार केले होते. त्या काळात भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतील बालसुरक्षेच्या प्रचारासाठी तयार केलेली होती. मूळ चित्रफितीत पळवलेले मूल परत आणून सोडले जाते. तो शेवट कापून उरलेला भाग खरा म्हणून पसरवला गेला. पण केवळ यंत्राला दोष देऊन भागणार नाही. भटक्यांविषयीचा संशय समाजाच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला होता. चित्रफितीने त्याला निमित्त पुरवले. अफवेचा वार नेहमी दुर्बळावरच का पडतो, याचे उत्तर येथे आहे.

आज शहानिशेची साधने दुर्मिळ नाहीत. ‘ऑल्ट न्यूज’, ‘बूम’ यांसारख्या संस्था फिरत्या चित्रांचा व बातम्यांचा उगम शोधून तो महाजालावर मांडतात. उमेदवारांची मालमत्ता, शिक्षण व त्यांच्यावरील खटले यांची प्रतिज्ञापत्रे, २००२ व २००३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांमुळे, कोणाही मतदाराला पाहता येतात. निवडणूक रोखे त्या न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले. त्यानंतरच कोणत्या पक्षाला कोणाकडून किती पैसा मिळाला, हे लोकांसमोर आले. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात, माणसाच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत देण्याचे बंधन आहे. कोठडीत असलेल्या माणसासाठी हे कलम किती मोलाचे आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे.

मात्र सत्य-असत्याचा निवाडा सरकारच्या हाती देता येणार नाही. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा, हे ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच तपास कक्षाला देणारी २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवली, ती उचितच होय. दुसरीकडे, वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमातील एक महत्त्वाची तरतूद बदलली. पूर्वी व्यापक लोकहित असेल तर वैयक्तिक माहितीही देता येते, असे त्या तरतुदीतच म्हटले होते. ती अट तेथून वगळली गेली. लोकहिताची दुसरी वाट कायद्यात उरली असली, तरी नकार देणाऱ्या अधिकाऱ्याचे काम सोपे झाले. गुप्ततेचे कवच दुर्बळासाठी हवे; ते सत्ताधाऱ्याने पांघरावे, हा उफराटा न्याय आहे.

म्हणून कसोटी एकच ठेवावी : ज्याच्या हाती सत्ता व सार्वजनिक पैसा, त्याचा व्यवहार उघडा, जो सत्तेपुढे उभा, त्याचे खाजगी जीवन सुरक्षित. ही कसोटी आधी स्वतःला लावावी लागेल. ३ जून २०१३ रोजी केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात असा निर्णय दिला. त्यांपैकी कोणीही तो पाळला नाही. डावे पक्षही त्याला अपवाद नव्हते. इतरांकडे हिशेब मागणाऱ्याने आपली वही बंद ठेवली, तर त्याचा शब्द अफवेइतकाच हलका ठरतो.

कार्यकर्त्यांपुढील काम साधे, पण चिकाटीचे आहे. प्रत्येक शाखेने आपला जमाखर्च दर वर्षी लोकांसमोर मांडावा. आलेला मजकूर पुढे धाडण्यापूर्वी त्याचा उगम, तारीख व ठिकाण पाहावे. आपल्या बाजूचा मजकूर खोटा निघाला, तर ज्या ठिकाणी तो पसरवला तेथेच तसे जाहीर करावे. शहानिशा झालेली गोष्ट पाड्यावर, कोळीवाड्यात, बाजारात त्या त्या बोलीत सांगावी. कारण ज्याच्या घरी महाजाल पोहोचले नाही, त्याच्या घरी अफवा मात्र पोहोचते. आणि परका माणूस गावात दिसला, जमाव जमू लागला, तर पोलिसांना कळवून त्या माणसाच्या बाजूला जाऊन उभे राहावे. गडचिंचले आणि राईनपाडा येथे गेलेल्या आठ जीवांचे समाजावर एवढे तरी ऋण आहे.