दीड तासाचं विमान, तेरा तासांचं बीड

आजचा विषय साधा आहे. दोन गावांमधलं अंतर आणि विमानाचा वेळ. मी बीडचा, नोकरीला बंगळुरूत, सॉफ्टवेअरमध्ये.

आमच्या कामात दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि हॅवरसाइन नावाचं सूत्र लावायचं, की सरळ रेषेतलं अंतर मिळतं. पुणे ते बंगळुरू, विमानतळ ते विमानतळ, येतं सुमारे ७२० किलोमीटर. आता गंमत ऐका. बंगळुरू विमानतळापासून बीड येतं सुमारे ६७५. म्हणजे नकाशावर बीड पुण्यापेक्षा जवळ आहे!

जेट विमान वर गेलं की ताशी साधारण ८०० किलोमीटरनं जातं. त्या हिशोबानं ७२० किलोमीटरला तासभरही लागू नये. पण तिकिटावर दीड तासाच्या आसपास वेळ असतो. कारण तो जागेवरून हलल्यापासून परत जागेवर थांबेपर्यंतचा वेळ असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं, सगळं त्यात येतं. तुमचं घर मात्र त्यात येत नाही.

बंगळुरूला निघताना मी आजीला सांगितलं होतं, "काळजी करू नको, दीड तासात येतो." तिनं ते गल्लीभर सांगितलं.

एका जानेवारीत पहाटे पाचला फोन आला. आजी गेली. काकांनी विचारलं, "किती वाजेपर्यंत येशील?" मी तिकीट बघत म्हणालो, "पावणेबाराला पुण्यात उतरतो, मग आलोच." त्यांनी ऐकलं, बारा.

साडेसहाला घर सोडलं. विमानतळ शहराबाहेर देवनहळ्ळीला, पोचायला दीड तास. सव्वादहाचं विमान वेळेवर उडालं, वेळेवर उतरलं. कुणाचीच चूक नाही. साडेबाराला पुण्यातून गाडी निघाली. पुढे अहिल्यानगरवरून बीड, साधारण २४० किलोमीटर. संभाजीनगरचं विमानतळ बीडपासून १३० किलोमीटरच्या आसपास आहे, पण त्या वेळेला तिकडचं विमान नव्हतं.

तिकडे सगळे उन्हात ताटकळलेले. दर तासाला फोन, "कुठवर आलास?" शेवटी पाचला काका म्हणाले, "बाळा, आता दिवस मावळंल. थांबता येत नाही." मी म्हणालो, "करा."

सव्वासहाला पोचलो. पहाटेच्या फोनपासून सव्वातेरा तास. त्यातलं विमान फक्त दीड. आई एवढंच म्हणाली, "खरं सांगितलं असतंस तर सकाळीच केलं असतं रे. माणसं उपाशी बसली होती."

तेच मला अजून लागतं. उशीर माझ्या हातात नव्हता, आकडा होता.

आता बीडलाही रेल्वे आली आहे. १९९५ साली मंजूर झालेला अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग. त्यावर बीडपर्यंतची गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला सुरू झाली. तीस वर्षं! अंतर तेच होतं, वाट नव्हती.

म्हणून मित्रांनो, एक काम करा. आज तुमचा उंबरा ते गावाकडचा उंबरा, असा वेळ मोजा. रिक्षा, रांग, बॅगा, एसटीची वाट, सगळं धरा. जो आकडा येईल तोच घरी सांगा, मोठा असला तरी. मी आता आईला सांगतो, "तेरा तास." ती म्हणते, "बरं. जेवण झाकून ठेवते."

भेटू पुढच्या भागात.