उसाचा दर ठरतो त्या बैठकीत आपण कोठे?

(नेवासा येथील ऊस उत्पादक मेळाव्यात केलेले भाषण)



मला आज खोडवा व्यवस्थापनावर बोलायचे आहे. परंतु खोडव्याची एक अडचण शेतात नसून सरकारी कागदात आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. मी विद्यापीठाचा नोकर आहे. राजकारण करण्यास आलेलो नाही.

ऊस तुटून गेला की बुडखे जमिनीलगत छाटावेत, पाचट न जाळता सरीत ठेवावे आणि पंधरा दिवसांच्या आत खताचा पहिला हप्ता पहारीने द्यावा. दुसरा १३० ते १३५ दिवसांनी. हे आपणांस तोंडपाठ आहे. तरीही पहिला हप्ता उशिरा का पडतो? बांधावर विचारले की उत्तर मिळते, "सर, बिल कुठं आलंय अजून?"

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफ.आर.पी.ची रक्कम मिळाली पाहिजे. उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे लागते. म्हणजे कायद्याचे दिवस आणि खोडव्याचे दिवस बरोबर जुळतात.

ही जुळणी २१ फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयाने मोडली. राज्य शासनाने एफ.आर.पी.चे दोन तुकडे केले. पहिला हप्ता ठराविक पायाभूत उताऱ्यावर, पुणे व नाशिक महसूल विभागांत १० टक्क्यांवर. उरलेली रक्कम हंगाम संपून अंतिम उतारा निघाल्यावर. २०२१-२२ चा दर घेऊन हिशेब करून पाहा. १० टक्के उताऱ्याला टनास २९०० रुपये आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्यास २९ रुपये. कारखान्याचा उतारा ११ टक्के असेल तर टनामागे २९० रुपये मागे राहतात. एकरी ४० टन ऊस धरला तर ११,६०० रुपये झाले. खोडव्याचे खत आणि वर मजुरीही त्यात भागली असती.

कारखान्यांचीही बाजू आहे, ती सांगितलीच पाहिजे. साखर एकदम विकता येत नाही, केंद्राच्या मासिक कोट्याप्रमाणे विकावी लागते, आणि तोवर साखर तारण ठेवून उचललेल्या कर्जाचे व्याज चालू राहते. पण अडचण दोघांची असताना सवलत एकालाच मिळाली, आणि ती दुसऱ्याच्या खिशातून.

असे का होते? आपल्याच जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास उभा केला, तो दराचा निर्णय शेतकऱ्याच्या हाती यावा म्हणून. पुढे कारखान्याचा अध्यक्ष तोच आमदार आणि वेळ आली की तोच मंत्री, हे महाराष्ट्राच्या अंगवळणी पडले. पक्ष कोणताही असो. खासगी कारखाने वाढले तेव्हाही हे नाते सुटले नाही. यात कोणी कोणाच्या कानात सांगण्याची गरजच पडत नाही. विकत घेणारा आणि नियम करणारा एकाच पंगतीत बसले की पुरते.

दोन कारखान्यांमधील हवाई अंतराची अट पाहा. केंद्राची अट किमान १५ किलोमीटरची, आपल्या राज्याने ती २५ वर नेली. रंगराजन समितीने २०१२ मध्ये अंतराची अटच काढून टाकण्याची शिफारस केली, तरी राज्यात ती पुढे वर्षानुवर्षे टिकली. जवळ दुसरे गिऱ्हाईक नसेल तर भाव कोण वाढवील? कांद्याला तरी घोडेगावचा बाजार पटला नाही तर दुसरीकडे नेता येते.

दरासाठी राज्याने २०१३ मध्ये कायदा करून ऊस दर नियंत्रण मंडळ नेमले. मुख्य सचिव अध्यक्ष आणि सभासदांत कारखान्यांचे व शेतकऱ्यांचे प्रतिनिधी. कागदावर रचना चांगली आहे. मात्र शेतकऱ्यांचे प्रतिनिधीही शासनच नेमते. म्हणून प्रतिनिधी किती, एवढ्यावर समाधान मानू नये. तो कोण, त्याचा कोणत्या कारखान्याशी संबंध आहे आणि बैठकीत तो काय बोलला, हे विचारावे. माहितीच्या अधिकारात इतिवृत्त मागता येते. अर्ज साध्या कागदावर चालतो.

विचारण्याने फरक पडतो. माजी खासदार राजू शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च २०२५ रोजी तो २०२२ चा शासन निर्णय रद्द केला. निर्णय होईपर्यंत तीन वर्षे गेली, हेही लक्षात असू द्या.

आपल्याकडून एक काम नेमाने व्हावे. वजनाची प्रत्येक पावती तारखेसह वहीला चिकटवा आणि शेजारी पैसे जमा झाल्याची तारीख लिहा. १४ दिवसांवरचे दिवस मोजा. एक लाख रुपये साठ दिवस उशिरा आले तर १५ टक्क्यांनी सुमारे २,४६५ रुपये व्याज होते. ते लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या.

आता बाहेर चला. पहार आणि खताची बादली बांधावर ठेवलेली आहे, खोडव्याचे प्रात्यक्षिक पाहूनच घरी जावे.